वस्तऱ्याची निनावी मूठ

जुना विलायती वस्तरा हाती आला, तर आधी त्याची मान वाचावी. पाते संपून मुठीतल्या खिळ्याकडे जाणारा जो जाडसर पोलादी भाग असतो, त्याला मी मान म्हणतो. तिथे ठशाने अक्षरे उमटवलेली असतात. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सचा वस्तरा असेल तर एक तारा आणि एक माल्टीज क्रूस दिसेल. शिवाय पेढीचे नाव, ‘क्रमांक ६, नॉरफोक स्ट्रीट’ हा पत्ता, आपण राजघराण्याचे कटलर असल्याची द्वाही आणि एक मुकुट. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘जी’ आणि ‘आर’ असतील तर राजा जॉर्ज, ‘डब्ल्यू’ आणि ‘आर’ असतील तर १८३० ते १८३७ मधला विल्यम, ‘व्ही’ आणि ‘आर’ असतील तर व्हिक्टोरिया. ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर वस्तरा बहुधा १८९१ किंवा त्यानंतरचा, कारण अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले होते. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत अख्खी जन्मपत्रिका मांडलेली असते.

मग मूठ पाहावी. चांगल्यातला वस्तरा असेल तर ती हस्तिदंताची असते. दोन पातळ पट्ट्या, त्यांना जोडणारे दोन किंवा तीन पितळी खिळे, शेवटाला शिशाची छोटी पाचर. पांढरा रंग वयाने सायीसारखा पिवळट झालेला. उजेडात तिरकी धरली तर आत लाकडाच्या रेषांसारख्या, पण त्याहून बारीक लहरी दिसतात. या मुठीवर कुठल्या देशाचे, कुठल्या बंदराचे, कुठल्या व्यापाऱ्याचे नाव नसते. पाते आपली सगळी कुळकथा सांगते आणि मूठ गप्प बसते. हा लेख त्या गप्प बसलेल्या मुठीविषयी आहे, आणि तिच्या वाटेवर मुंबई लागते म्हणून तो मराठीत लिहावासा वाटला.

इतिहासाचे माझे औपचारिक शिक्षण नाही. नोकरीची पंचवीस वर्षे टूलरूममध्ये गेली. हत्यार दिसले की ते कशाने घडवले, कुठल्या दगडावर घासले, हे डोळे आपोआप शोधू लागतात. कागदपत्रांकडे मी वळलो तो त्या सवयीतून.

‘वस्तरा’ हा आपला शब्द फारसी ‘उस्तुरा’चा वंशज. संस्कृतात त्याला क्षुर म्हणत. आपल्याकडे हे हत्यार न्हाव्याच्या धोकटीतले. घरातल्या माणसाने स्वतःचा वस्तरा बाळगावा आणि रोज सकाळी आरशासमोर उभे राहून आपली दाढी आपण करावी, ही रीत आपल्याकडे फार उशिरा आली. युरोपातही ती फार जुनी नाही. अठराव्या शतकात तिथे गुळगुळीत चेहऱ्याची फॅशन आली आणि त्याच शतकात स्वतःची दाढी स्वतः करण्याचे वेड पसरले. १७६९ साली पॅरिसच्या झाँ-झाक पेरे नावाच्या कटलरने, म्हणजे चाकू-सुऱ्या-वस्तरे करणाऱ्या कारागिराने, स्वतःची दाढी करायला शिकवणारे अख्खे पुस्तक लिहिले. गिऱ्हाइकाला न्हाव्याशिवाय जगायला शिकवण्यात कटलरचा उघड फायदा होता. न्हावी एक वस्तरा घेऊन शंभर चेहरे साफ करतो. प्रत्येक चेहऱ्याने आपला वस्तरा घ्यायचे ठरवले तर शंभर वस्तरे खपतात.

माझ्या मते हस्तिदंती मुठीचे मूळ इथेच आहे. न्हाव्याला मूठ शिंगाची पुरते. बैलाचे किंवा म्हशीचे शिंग गरम करून दाबले की हवा तो आकार घेते. ते लवचीक, चिवट आणि स्वस्त असते, पट्टी वाकली तर पुन्हा शेकून सरळ करता येते. म्हशीचे शिंग तर शेफिल्डला हिंदुस्थानातूनच जात असे. हस्तिदंत या सगळ्यात उणा. तो दाबून घडत नाही, करवतीने कापूनच घ्यावा लागतो. हवेप्रमाणे आकसतो, खिळ्यापाशी चिरतो, पडला तर टवका उडतो. हाताला तो गार आणि रेशमी लागतो, साबणाचे त्याला फारसे काही होत नाही, हे खरे. पण या गुणांसाठी कुणी इतके पैसे मोजत नाही. दाढी होते ती पात्याने. मूठ बंद असताना धार झाकते आणि उघडल्यावर हाताला तोल देते, इतकेच तिचे काम. कपाटात ठेवायची, पाहुण्याच्या नजरेला पडायची, मुलाला वारशाने द्यायची वस्तू म्हणून वस्तरा घेतला जाऊ लागला, तेव्हा मुठीला भाव आला.

‘आठवड्याचे सात’ हा प्रकार पाहिला की हे पटते. मखमलीचे अस्तर लावलेली लाकडी पेटी, तिच्यात एकासारखे एक सात वस्तरे, प्रत्येकाच्या पाठीवर वाराचे नाव कोरलेले. एकदा वापरलेल्या धारेला काही दिवस विसावा दिला तर ती अधिक टिकते, असा समज होता. धातूशास्त्राला तो कितपत मान्य होईल ते सोडा. एका वस्तऱ्याच्या जागी सात विकण्याचा याहून सभ्य मार्ग मला तरी माहीत नाही! अशा पेट्यांतल्या मुठी पुष्कळदा हस्तिदंती असत. म्हणजे एका माणसाच्या हनुवटीसाठी चौदा पट्ट्या.

या पट्ट्या कशा निघत ते पाहण्याजोगे आहे. सुळा म्हणजे हत्तीचा दातच. मुळाशी तो पोकळ असतो आणि ही पोकळी निमुळती होत सुमारे एकतृतीयांश लांबीपर्यंत जाते. त्यापुढे टोकापर्यंत तो भरीव. बाहेरून साल असते, ती काढावी लागते. सुळा वाकडा आणि वस्तऱ्याची पट्टी जवळजवळ सरळ, लांबी सहा इंचांच्या आसपास, जाडी दोन-अडीच मिलिमीटर. तेव्हा कापणाऱ्याने आधी सुळा फिरवून फिरवून पाहायचा, बाक कुठे कमी आहे ते ठरवायचे, तेवढे तुकडे आडवे तोडायचे आणि मग उभ्या चिरा द्यायच्या. रेषा पट्टीच्या लांबीने धावल्या पाहिजेत. हस्तिदंत आडवा जितका आकसतो तितका उभा आकसत नाही, म्हणून आडव्या रेषांची पट्टी पुढे दगा देते. करवत ओली ठेवावी लागते, नाहीतर दात करपतो. चिरलेल्या पट्ट्या लगेच वापरायच्या नाहीत, त्या मुरू द्यायच्या. टूलरूमवाल्याला हे वाचताना आपलाच कुणी जुना उस्ताद बोलतोय असे वाटते. इथे चूक करवतीची होत नाही, ती करवत लावण्यापूर्वी नजरेची झालेली असते.

वायाही काही जात नसे. भुकटी उकळून तिची जेली करत आणि आजाऱ्यांना देत. तुकडे बंद भांड्यात जाळले की ‘आयव्हरी ब्लॅक’ नावाचा चित्रकारांचा काळा रंग मिळे. इतक्या पांढऱ्या वस्तूतून निघणारा काळा रंग तिच्याच नावाने विकला जात होता. रॉजर्सच्या कोठारातल्या सुळ्यांच्या राशींची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. माणसांच्या उंचीला भिडणारे सुळे भिंतीला टेकवून उभे केलेले आणि त्यांच्यात कामगार. पेढीला या साठ्याचा अभिमान होता. माल किती आहे हे जगाला दिसावे अशी तिची इच्छा होती. तो आला कुठून, हे सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

पात्याच्या बाबतीत मात्र शेफिल्ड नावाला जिवापाड जपे. हॅलमशायरच्या कटलरांची कंपनी १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. प्रत्येक उस्तादाची खूण नोंदवणे आणि दुसऱ्याने ती वापरली तर त्याला धरणे, हे तिचे मोठे काम. पोलादालाही नाव होते. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने घड्याळाच्या स्प्रिंगसाठी चांगले पोलाद हवे म्हणून मातीच्या मुशीत पोलाद वितळवून एकजीव करण्याची रीत बसवली. शेफिल्डच्या कटलरांना ते आधी फार कडक वाटले. फ्रेंचांनी विकत घेऊन त्याचे वस्तरे करायला सुरुवात केली तेव्हा घरच्यांचे डोळे उघडले, अशी कथा सांगतात. वस्तऱ्याची धार त्यानंतर कायमची बदलली.

आणि इथे मुंबई पहिल्यांदा येते, तीही मानाने. हेलेनस स्कॉट हा ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईतला डॉक्टर. १८०२ साली हिंदुस्थानातली देवीची पहिली लस मुंबईत टोचली गेली, त्या प्रकरणात त्याचे नाव येते. इथले कारागीर काय काय करतात ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना तो पत्रांनी कळवत असे. कापलेली नाके नव्याने बसवण्याच्या इथल्या शस्त्रक्रियेबद्दलही त्याने लिहिले आहे. ही पत्रे धरमपालांनी १९७१ साली अठराव्या शतकातल्या भारतीय विज्ञानावरच्या आपल्या ग्रंथात छापली, तेव्हापासून ती आपल्याकडच्या वाचकांना परिचित आहेत. १७९४ मध्ये स्कॉटने बँक्सकडे ‘वूट्झ’ नावाच्या पोलादाचे नमुने पाठवले. दक्षिणेत मुशीत तयार होणारे हे पोलाद. कानडीतल्या ‘उक्कु’ या शब्दाचे ते बिघडलेले रूप असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सनचा त्यावरचा निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला. लंडनच्या स्ट्रँड भागात दुकान असलेल्या जेम्स स्टोडार्टने त्या पोलादाची हत्यारे केली. हे हिंदुस्थानी पोलाद युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा मला पसंत आहे, असे त्याने आपल्या दुकानाच्या कार्डावरच छापले. शल्यक्रियेची हत्यारे आणि वस्तरे हा त्याचा माल.

याच स्टोडार्टबरोबर तरुण मायकेल फॅरडेने पोलादाच्या मिश्रधातूंवर काम केले. सुरुवात वूट्झच्या पृथक्करणापासून. मग १८२० आणि १८२२ चे निबंध. पोलादात पाचशेवा भाग चांदी मिसळली तर ते सुधारते, असे त्यांना आढळले. अशा प्रयोगातल्या पोलादाचे वस्तरे फॅरडेने स्नेह्यांना भेट दिले. लगोलग शेफिल्डच्या वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ ही अक्षरे झळकू लागली, आणि ज्यांत चांदीचा कण नसेल अशा पात्यांवरही ती झळकली असणार, कारण शब्द खपत होता. फॅरडेच्या नमुन्यांची पेटी शंभर वर्षांनी शेफिल्डच्याच रॉबर्ट हॅडफील्डने तपासली. त्यातल्या एकोणऐंशी तुकड्यांवरचे त्याचे पुस्तक १९३१ साली निघाले.

हे सगळे एवढ्यासाठी सांगितले की पोलादाच्या पदरी शोधक, पत्रव्यवहार, निबंध, पेटी आणि पुस्तक आहे. पोलाद हिंदुस्थानातले असेल तर तसे छापून मिरवले जात होते. त्याच वस्तऱ्याच्या मुठीला यातले काहीही मिळाले नाही. आणि मुठीचा माल काही कमी मुंबईवरून गेला नव्हता.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा हस्तिदंत पश्चिम हिंदुस्थानात येणे ही फार जुनी गोष्ट. मोझांबिक १७५२ पर्यंत पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या सरकारच्या हाताखाली होते. तिथला हस्तिदंत गुजराती वाणी व्यापारी दीव-दमणकडे आणत. अठराव्या शतकाच्या अखेरीला हा ओघ उत्तरेकडे, झांझिबारकडे वळू लागला आणि इकडच्या काठावर सुरतेची जागा मुंबई घेऊ लागली. १८११ साली मुंबई सरकारने कॅप्टन स्मी याला झांझिबारच्या पाहणीसाठी पाठवले, यावरून त्या व्यापाराकडे सरकारची नजर होती हे कळते. १८४० च्या सुमारास मस्कतच्या सुलतान सय्यद सईदने आपली राजधानीच झांझिबारला हलवली. तिथली जकात वसूल करण्याचा मक्ता कच्छी भाटिया जयराम शिवजीच्या पेढीकडे होता. कापड इथून जायचे, कर्ज इथल्या पेढ्या द्यायच्या, हस्तिदंत इकडे यायचा. अब्दुल शरीफ यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात हा हिशेब तपशिलाने मांडला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.

हस्तिदंताला इकडे स्वतःचे गिऱ्हाईक होते. कच्छ, गुजरात आणि मारवाडातल्या नववधूचा चुडा हस्तिदंताचा. आपल्याकडे हिरव्या काचेच्या बांगड्यांचे जे स्थान, तेच तिकडे या चुड्याचे. पूर्व आफ्रिकेचा दात पश्चिम आफ्रिकेच्या दातापेक्षा मऊ आणि दुधट. त्याच्या आडव्या चकत्या कापून बांगड्या करत. मुंबईत उतरलेल्या मालाची निवड होई, चुड्याजोगा माल देशात जाई आणि उरलेल्यातला पुष्कळसा पुन्हा जहाजावर चढून लंडनच्या लिलावात पोचे. तिथून शेफिल्डसारखी गावे तो उचलत. झांझिबारलाच प्रतवारी करताना कच्छसाठीचा माल वेगळा आणि युरोपसाठीचा वेगळा लावत. सहज सांगतो, स्वाहिली भाषेत युरोपला ‘उलाया’ म्हणतात. आपली ‘विलायत’ ती हीच, दोन्ही एकाच अरबी शब्दाची लेकरे. एकाच समुद्राच्या दोन काठांवर लोक साहेबाच्या देशाला एकाच नावाने हाक मारत होते.

म्हणजे वाटेत सुळ्याला ओळख होती. प्रत होती, वजन होते, लिलावाचा क्रमांक होता. ती ओळख सालीवर होती, आणि शेफिल्डमध्ये पहिल्यांदा निघे ती सालच.

सुळा किनाऱ्यापर्यंत कसा येई, याबद्दल एक चित्र आपल्या मनात पक्के बसलेले असते. साखळदंडातले गुलाम, खांद्यावर सुळे, शेवटी बंदरावर दोघांचीही विक्री. ते पूर्ण खोटे नाही, पूर्ण खरेही नाही. टांगानिका सरोवराकाठच्या उजिजीपासून बागामोयो बंदरापर्यंतची सुमारे बाराशे किलोमीटरची वाट मुख्यतः न्यामवेझी हमालांनी तुडवली. ते मजुरी ठरवून येणारे, आपल्या कामाचा अभिमान असलेले, पिढ्यान्‌पिढ्यांचे वाहक होते. त्यांना सरसकट गुलाम म्हणणे हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय. पण सरोवराच्या पलीकडे, मान्येमाच्या मुलखात, हस्तिदंत मिळवण्याची रीत पुष्कळदा लुटीची होती. गाव जाळायचे, बायका-मुले ओलीस धरायची, सुळे आले की सोडायची किंवा सोडायचीही नाहीत. त्या मुलखातला सर्वांत मोठा व्यापारी टिप्पू टिप. त्याने स्वाहिलीत आत्मचरित्र सांगून ठेवले आहे. त्याच्या मोहिमांना पैसा पुरवणाऱ्यांत झांझिबारचा कच्छी खोजा सावकार थारिया तोपन होता. याच थारियाला पुढे ब्रिटिशांनी ‘सर’ केले. आयुष्याच्या अखेरीस तो मुंबईला येऊन राहिला आणि १८९१ मध्ये वारला. १८७३ साली झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद करायला जी मोहीम गेली तिचा प्रमुख सर बार्टल फ्रिअर, तोही मुंबईचा माजी गव्हर्नर. व्यापाराला कर्ज देणारा आणि व्यापाराला लगाम घालणारा, दोघांच्याही पत्त्यात मुंबई.

पात्यामागेही माणसे मेली, हे इथेच सांगायला हवे, नाहीतर पारडे एकीकडे झुकेल. शेफिल्डचा धार लावणारा घोड्यासारख्या बैठकीवर वाकून फिरत्या दगडावर पाते धरी. दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत जाई. डॉ. नाइट यांचा हवाला देऊन एंगल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे की कोरड्या दगडावर काम करणारे जेमतेम पस्तिशी गाठतात आणि ओल्या दगडावरचे पंचेचाळिशीच्या पुढे क्वचित जातात. हे वाचल्यापासून मी जुन्या पात्याची चकाकी वेगळ्या नजरेने पाहतो. तरीही त्या माणसांचा आजार नोंदला गेला, डॉक्टरांनी त्यावर ग्रंथ लिहिले. मान्येमातल्या जळालेल्या गावांची नावेसुद्धा बहुतेक ठिकाणी उरली नाहीत.

नावाची ही ओढ शेफिल्डला किती होती, त्याचा शेवटचा पुरावा १८८७ चा. जर्मनीतल्या सोलिंगेनचे कारखानदार आपल्या मालावर ‘शेफिल्ड’ असे खोटे ठसे मारून तो जगभर विकत होते. शेफिल्डने आकाशपाताळ एक केले आणि पार्लमेंटने व्यापारी चिन्हांचा कायदा केला. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द जगाला त्यातून मिळाले. जर्मनांना हिणवायला सुरू झालेली ही अक्षरे पुढे त्यांचीच जाहिरात ठरली, तो भाग वेगळा. वस्तू कुठे बनली हे खरे सांगितले पाहिजे, असा आग्रह त्या गावाने धरला होता. त्याच वेळी गावातल्या कोठारांत हजारो निनावी सुळे उभे होते आणि या आग्रहाची कक्षा त्यांच्यापर्यंत वाढवावी असे कुणालाही सुचले नाही.

हस्तिदंती मुठीला खाली उतरवले ते आधी सेल्युलॉइडने. १८७० च्या आसपास अमेरिकेत हायट बंधूंनी ते बाजारात आणले, १८७७ साली ब्रिटिश झायलोनाइट कंपनी निघाली. सेल्युलॉइडला हस्तिदंताचा रंग देत, इतकेच काय, आत खोट्या लहरीही घालत. या लहरी काटेकोर समांतर असतात, त्यावरून नक्कल ओळखता येते. मग जिलेट आला. त्याच्या सेफ्टी रेझरचे पेटंट १९०४ चे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी ३५ लाख रेझर घेतले गेले आणि घरी परतलेल्या शिपायांनी बापाचा वस्तरा पुन्हा उघडला नाही.

पण वस्तरा मेला नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत युरोप-अमेरिकेत हाताने वस्तरे घडवणारे एकटे-दुकटे कारागीर पुन्हा उभे राहिले आहेत. गिऱ्हाईक पात्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशात सांगते, टोक गोल हवे की चौकोनी ते ठरवते, पोलाद निवडते. मग मुठीचा प्रश्न येतो. पुष्कळांच्या डोळ्यांसमोर अजून तोच पांढरा रंग असतो. आणि इथे, दोनशे वर्षांनंतर, मुठीला कुणीतरी प्रथमच विचारतो की तू कुठली.

१९८९ मध्ये लोझान इथे आफ्रिकी हत्ती आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या यादीत गेला. भारताचा कायदा त्याहून कडक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंतावरही तीच बंदी आली. काही व्यापाऱ्यांनी मग सैबेरियातल्या मॅमथच्या सुळ्यांचा मुद्दा काढला. हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला प्राणी, त्याला वाचवायचे काय? २००३ साली बलराम कुमावत प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात ‘हस्तिदंत’ असा शब्द आहे आणि मॅमथचा दातही त्यातच मोडतो. परदेशातले पुष्कळ वस्तराकार आज बेधडक मॅमथ वापरतात. ती सोय आपल्याकडे नाही. मला हा निकाल योग्य वाटतो. घासून गुळगुळीत केलेल्या दोन मिलिमीटरच्या पट्टीत मॅमथ कुठला आणि हत्ती कुठला, हे जकातीच्या शिपायाने कसे ओळखावे? आडव्या छेदात रेषांचे कोन वेगळे दिसतात, पण वस्तऱ्याची पट्टी तर उभी चिरलेली.

ब्रिटनचा हस्तिदंत कायदा २०१८ चा, अमलात आला जून २०२२ मध्ये. त्यातली एक सवलत अशी की वस्तू १९४७ च्या मार्चपूर्वीची असेल आणि तिच्यात हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी असेल, तर नोंदणी करून विकता येते. हे दहा टक्के आकारमानाचे, वजनाचे नव्हेत. मूळचे सांगलीचे माझे एक स्नेही यॉर्कशायरमध्ये तीस वर्षे आहेत आणि जुने वस्तरे जमवतात. त्यांना मी विचारले, “तुमच्या एखाद्या वस्तऱ्याची मूठ आणि पाते वेगवेगळे तोलून सांगाल का?” दुरुस्तीसाठी खिळे काढलेला एक होताच. पाते भरले ४५ ग्रॅम, दोन्ही पट्ट्या मिळून १६. वजनात पोलाद जवळजवळ तिप्पट. पण पोलाद पाण्याच्या पावणेआठपट जड आणि हस्तिदंत दुपटीहूनही थोडा कमी. भागाकार केला की पाते पावणेसहा घन सेंटिमीटर येते आणि मूठ साडेआठ. म्हणजे ज्याला जग शेफिल्डचे पोलाद म्हणून ओळखते, त्या वस्तूचा निम्म्याहून जास्त भाग आफ्रिकेतला हत्ती आहे. फोनवर हा आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, “अहो, मी चाळीस वस्तरे घासून चकचकीत केले, पण हे कधी डोक्यातच आले नाही.”

दहा टक्क्यांची सवलत अर्थातच बाद. १९१८ पूर्वीच्या असामान्य कलावस्तूंसाठी दुसरी सवलत आहे, पण कारखान्यात डझनांनी निघालेल्या वस्तऱ्याला ती कोण देणार? त्यामुळे हस्तिदंती मुठीचा वस्तरा तिथे बाळगता येतो, मुलाला देता येतो, विकता येत नाही. ज्यांना विकायचा आहे ते खिळे काढून मूठ सुटी करतात, पात्याला शिंगाची नाहीतर प्लॅस्टिकची नवी मूठ बसवतात आणि पाते विकतात.

शास्त्राने आता मुठीला बोलते करण्याची सोय केली आहे. ॲश्ली कुटू आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एकोणिसाव्या शतकातल्या पूर्व आफ्रिकी हस्तिदंतातली समस्थानिके मोजून हत्ती कोणत्या प्रकारच्या मुलखात चरत होते, याचा माग काढला आहे. हत्तीने खाल्लेला पाला आणि प्यालेले पाणी दातात उतरते. पण त्यासाठी दाताचा कण काढावा लागतो, आणि चाळीस वस्तऱ्यांसाठी तो खर्च कुणी संग्राहक करणार नाही.

सांगलीच्या स्नेह्यांनी गेल्या वर्षी अकरा वस्तऱ्यांच्या मुठी उतरवल्या. पाती गेली, पट्ट्या घरी राहिल्या. मूठ किती जुनी, याचा हाताशी असलेला पुरावा म्हणजे पात्याच्या मानेवरचा ठसा, आणि तो पात्याबरोबर गेला. म्हणून त्यांनी प्रत्येक जोडी वेगळ्या लिफाफ्यात घातली आहे आणि लिफाफ्यावर पेन्सिलीने, ठशात जसे होते तसे, उतरवून ठेवले आहे: तारा, क्रूस, मुकुट, व्ही, आर, नॉरफोक स्ट्रीट, क्रमांक ६. आमच्या या बोलण्यानंतर त्याखाली त्यांनी ‘झांझिबार?’ आणि ‘मुंबई?’ हे दोन शब्द प्रश्नचिन्हांसह मराठीत लिहिले आहेत.